विश्लेषण : गोळी सुरू, तपासणी बंद? प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांत रक्ततपासणी का चुकवू नये?

संधिवात, सोरायसिस, ल्युपस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. त्यांचे दुष्परिणाम बहुतेक वेळा शरीराला जाणवण्याआधी रक्तात दिसतात. देवळाली प्रवरासारख्या गावांत गोळ्या मिळतात, लॅबही आहे. मग नियमित तपासणीच का सुटते?

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. भोवताली उसाचा पट्टा, लगत राहुरी फॅक्टरी. सर्दी-तापाला, रक्तदाब-साखरेला गावात डॉक्टर आहेत. मात्र संधिवाततज्ज्ञ, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ किंवा पोटविकारतज्ज्ञांना दाखवायचे तर लोणी, अहिल्यानगर, नाशिक किंवा पुणे गाठावे लागते. तेथे निदान होते, गोळ्या सुरू होतात आणि चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात ‘महिन्याने सीबीसी, एलएफटी, क्रिएटिनिन’ अशी एक ओळ लिहिलेली असते. गोळ्या पुढे गावातल्या मेडिकलमध्ये मिळत राहतात. दुखणे कमी झाले की पुढची तारीख लांबते आणि ती खालची ओळ मागे पडते. धोका नेमका याच टप्प्यावर सुरू होतो.

ही औषधे नेमके काय करतात?

शरीराची प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढते. काही आजारांत ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, आतड्यांवर किंवा मूत्रपिंडावर हल्ला करते. आमवात, ल्युपस, सोरायसिस, अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्या गटातले आजार. प्रत्यारोपण केलेल्या रुग्णात तीच प्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडाला परके समजून नाकारू पाहते. मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, लेफ्लुनोमाइड, मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन ही औषधे हा हल्ला थोपवतात. सांधे वाकडे होण्यापासून वाचतात, प्रत्यारोपित मूत्रपिंड टिकते.

मात्र यातील अनेक औषधे पेशींची वाढ रोखून काम करतात, आणि शरीरात सर्वांत वेगाने वाढणाऱ्या पेशींमध्ये अस्थिमज्जेतील रक्तपेशी येतात. शिवाय औषधांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंड लावतात. म्हणून रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड या तीन ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. चिठ्ठीवरची ती तीन नावे याच तीन ठिकाणांची आहेत.

रक्तपेशी आणि मेथोट्रेक्सेटचा संबंध कुठून आला?

या संबंधाचा एक धागा मुंबईत आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईतील गरीब गर्भवती स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी आली. गिरणीत काम करणाऱ्या बायकाही त्यांत होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो हे तिने दाखवले आणि १९३१ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला उपयोगी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. रक्तपेशी तयार होण्यासाठी तो लागतो, हे कळल्यावर उलटा विचार सुरू झाला : हा घटक अडवला तर रक्ताच्या कर्करोगातील पेशींची बेसुमार वाढ थांबेल का? येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत फॉलिक अॅसिडला अडवणारी संयुगे तयार झाली. त्यांपैकी एकाचा वापर अमेरिकेतील सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर केला व १९४८ मध्ये निष्कर्ष मांडले. मेथोट्रेक्सेट याच घराण्यातले. कर्करोगाच्या मानाने अगदी कमी मात्रेत, आठवड्यातून एकदा दिले तर ते आमवातावर गुणकारी ठरते, हे पुढे सिद्ध झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्या वापराला मान्यता मिळाली.

या इतिहासातच तपासणीचे कारण दडले आहे. जे औषध फॉलिक अॅसिडची वाट अडवते, ते प्रमाणाबाहेर गेले तर निरोगी रक्तपेशीही अडवणार. म्हणूनच मेथोट्रेक्सेटसोबत फॉलिक अॅसिडची गोळी दिली जाते. ती ‘ताकदीची जादा गोळी’ समजून बंद करणे चुकीचे आहे.

किती रुग्णांचा हा प्रश्न?

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने सांध्यांच्या आजारांची घरोघर पाहणी झाली. ग्रामीण भारतातील या विषयावरील ती महत्त्वाची पाहणी मानली जाते. प्रौढांमध्ये आमवाताचे प्रमाण तेथे साधारण अर्धा टक्का आढळले. देवळाली प्रवराची लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास आहे. भिगवणचे प्रमाण येथे लावून पाहिले तर एकट्या आमवाताचे शंभरच्या घरात रुग्ण असू शकतात. सोरायसिस, ल्युपस, आतड्याचे विकार आणि प्रत्यारोपणाचे रुग्ण त्यात धरलेले नाहीत. हा केवळ ढोबळ हिशोब आहे. पण प्रश्न एखाद-दुसऱ्या घराचा नाही, एवढे त्यावरून कळते.

तपासणी किती दिवसांनी?

औषधानुसार वेळापत्रक बदलते. मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइडसारख्या औषधांसाठी अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलेला क्रम बराच वापरला जातो : पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी, तीन ते सहा महिन्यांत दर आठ ते बारा आठवड्यांनी आणि पुढे दर बारा आठवड्यांनी. म्हणजे पहिल्या वर्षी साधारण सहा ते दहा वेळा आणि नंतर वर्षाला चार वेळा. मात्रा वाढवली की पुन्हा लवकर तपासावे लागते.

मायकोफेनोलेटसाठी पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने महिन्यातून दोनदा आणि मग वर्षभर दरमहा रक्तपेशी मोजण्याची सूचना औषधाच्या माहितीपत्रकातच असते. औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही आणि क्षयरोगाची तपासणी केली जाते. कारण प्रतिकारशक्ती दबली की शरीरात निपचित पडलेला जंतू डोके वर काढू शकतो. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात ही पायरी गाळणे महागात पडते.

प्रत्येक औषधाची तपासणी रक्ताचीच असते असेही नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्यांना डोळ्याचा पडदा तपासावा लागतो. सायक्लोफॉस्फामाइड घेणाऱ्यांच्या लघवीत रक्त येते का ते पाहावे लागते. लेफ्लुनोमाइडमध्ये रक्तदाब, तर स्टिरॉइडमध्ये रक्तदाब आणि साखर मोजावी लागते.

रिपोर्टमध्ये काय पाहायचे?

ब्रिटनमधील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये काही इशारा-रेषा ठरवल्या. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, त्यातील न्यूट्रोफिल १,६०० च्या खाली, प्लेटलेट १ लाख ४० हजारांच्या खाली, यकृताची एएलटी किंवा एएसटी ही विकरे १०० च्या वर, किंवा वर्षभरात क्रिएटिनिनमध्ये ३० टक्क्यांहून अधिक वाढ, यांपैकी काही दिसले तर तज्ज्ञांशी तातडीने बोलावे, असे त्या सांगतात. गोळी परस्पर बंद करण्याचा तो परवाना नव्हे. निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा असतो.

एका रिपोर्टपेक्षा ओळीने ठेवलेले चार रिपोर्ट अधिक बोलतात. पांढऱ्या पेशी नऊ हजारांवरून सात, मग पाच आणि मग चार हजारांवर आल्या, तर शेवटचा आकडा छापील मर्यादेत असूनही घसरण चालू आहे. सुटा रिपोर्ट पाहणाऱ्याला ती दिसत नाही. क्रिएटिनिनचेही तसेच. वर्षभरापूर्वी ०.७ असलेला आकडा १.० झाला तर कागदावर तो ‘नॉर्मल’ राहतो, पण वाढ ४० टक्क्यांच्या पुढची असते. त्यामुळे जुने रिपोर्ट फाइलला लावून ठेवणे आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करणे गरजेचे ठरते.

टॅक्रोलिमसची तपासणी वेगळी का?

प्रत्यारोपणाच्या रुग्णांत टॅक्रोलिमसची रक्तातील पातळीच मोजावी लागते. ती कमी पडली तर शरीर मूत्रपिंड नाकारू शकते. जास्त झाली तर तेच मूत्रपिंड औषधाने खराब होऊ शकते. हात थरथरणे, साखर वाढणे, पोटॅशियम वाढणे हेही जास्त पातळीचे परिणाम असू शकतात.

या तपासणीत वेळेला महत्त्व आहे. दिवसातून दोनदा गोळी घेणाऱ्याचे रक्त आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी घ्यावे लागते. सकाळी लवकर गोळी घेऊन एसटी पकडली आणि अकरा वाजता लॅबमध्ये रक्त दिले, तर आकडा फुगलेला येतो आणि डॉक्टर त्यावरून मात्रा कमी करण्याचा धोका असतो. अशा दिवशी गोळी सोबत न्यावी, रक्त दिल्यावर घ्यावी आणि आदल्या गोळीची वेळ लॅबच्या फॉर्मवर लिहावी. लहान गावातील लॅब हा नमुना बहुधा मोठ्या शहरात पाठवते, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतो. तोही हिशोबात धरावा लागतो.

सर्वांत धोकादायक चुका कोणत्या?

पहिली चूक दिवसाची. संधिवातासाठीचे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते रोज घेतले गेल्याने रक्तपेशी कोसळून मृत्यू झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. वाचता न येणारे आजी-आजोबा, रोजच्या गोळ्यांच्या डब्यात मिसळलेली पट्टी, घाईत लिहिलेली चिठ्ठी यातून ही चूक होते. चिठ्ठीवर आणि पाकिटावर ‘फक्त रविवारी’ किंवा ‘फक्त बुधवारी’ असा वार मराठीत लिहिला तर ती बऱ्याच अंशी टळते. फॉलिक अॅसिडचा वारही वेगळा लिहावा. दोन्ही पिवळट गोळ्या एकसारख्या दिसू शकतात.

दुसरी चूक औषधांच्या जोडीची. लघवीच्या किंवा छातीच्या संसर्गासाठी दिले जाणारे को-ट्रायमोक्सॅझोल मेथोट्रेक्सेटसोबत घेतले तर रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. युरिक अॅसिडसाठीचे अॅलोप्युरिनॉल अझाथायोप्रिनसोबत घेतले तरी तेच घडते. टॅक्रोलिमस घेणाऱ्याला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरच्या काही गोळ्या दिल्यास पातळी चढते, तर क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन सुरू झाल्यास ती झपाट्याने उतरते. या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या गावपातळीवर रोज लिहिल्या जातात. म्हणून ताप-खोकल्यासाठी कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य ‘माझी ही गोळी चालू आहे’ असे असायला हवे.

तिसरी चूक पाण्याची. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. भर उन्हात शेतात राबताना शरीरातले पाणी कमी झाले, जुलाब-उलट्या लागल्या, वर अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या, तर मूत्रपिंडाचे काम मंदावते आणि एरवी सोसणारी मात्राही अंगात साठते. अशा आजारपणात त्या आठवड्याची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे.

चौथी चूक ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ या समजाची. करोनाकाळात प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली व २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवला, तरी डॉक्टर ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने दाबत आहेत आणि ज्याचे यकृत आधीच तपासणीखाली आहे, त्याने ती वाढवणारे काही परस्पर घेणे तर्काला धरून नाही. दारूबाबतही मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांना हाच सावधगिरीचा सल्ला लागू होतो.

गर्भधारणेचा विचार असलेल्यांनी मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, लेफ्लुनोमाइड याविषयी आधीच डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. ही औषधे गर्भाला अपायकारक आहेत.

काहींना लवकर त्रास का होतो?

अझाथायोप्रिनचे शरीरात विघटन करणाऱ्या काही विकरांवर जनुकांचा ताबा असतो. टीपीएमटी या जनुकाचा दोष पाश्चात्त्यांमध्ये अधिक अभ्यासला गेला. एनयूडीटी१५ या दुसऱ्या जनुकाचा संबंध २०१४ मध्ये कोरियातील संशोधनातून पुढे आला. आशियाई लोकांत, भारतीयांतही, तो अधिक महत्त्वाचा ठरतो. दोन्ही प्रतींत हा दोष असलेल्या व्यक्तीत काही आठवड्यांतच पांढऱ्या पेशी कोसळतात आणि केस झपाट्याने गळतात. जनुकीय चाचणी सर्वत्र उपलब्ध नाही, पण म्हणूनच सुरुवातीच्या आठवड्यांतील साध्या सीबीसीचे मोल वाढते.

सतत तपासणी अनाठायी खर्च नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक रुग्णांचे बहुतेक रिपोर्ट चांगलेच येतात. ब्रिटनमधील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडले की, मेथोट्रेक्सेटचे पहिले सहा महिने सुरळीत गेलेल्या, कमी जोखमीच्या रुग्णांत तपासण्यांमधील अंतर वाढवता येईल. तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा आधीच बिघडलेले रिपोर्ट असलेल्यांवर जास्त लक्ष ठेवावे. म्हणजे अंतर रुग्ण पाहून ठरवता येते. मात्र ते ठरवण्यासाठी आधी काही महिन्यांचे रिपोर्ट हाती असावे लागतात. एकही तपासणी न केलेला रुग्ण कमी जोखमीचा आहे, असे कोणी कशावरून म्हणणार?

अडचण कुठे आहे?

सरकारी व्यवस्थेत तपासणीची सोय कागदावर आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोफत निदान सेवेत प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ तपासण्यांची यादी आहे. रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन त्यात बसतात. राज्यात ‘महालॅब’मार्फत नमुने गोळा होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आखलेली आहे आणि पाठपुराव्याची तरतूद निवडक उपचारांपुरती आहे. टॅक्रोलिमसच्या पातळीसारखी तपासणी केंद्राच्या यादीत नाही.

खरी तूट जबाबदारीची आहे. औषध पुण्याच्या किंवा लोणीच्या तज्ज्ञाने लिहिले, गोळी गावच्या मेडिकलने दिली, रक्त तिसऱ्याच लॅबने तपासले. रिपोर्ट वाचायचा कोणी, हे कुणीच ठरवलेले नाही. ‘नॉर्मल आहे का’ एवढे लॅबच्या काउंटरवर विचारून तो कागद पिशवीत जातो. रोजंदारीवर जाणाऱ्याला तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. अंग दुखत नसताना तो दिवस कोण घालवणार?

उपाय मोठे नाहीत. औषध लिहिणाऱ्या रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाला एक पानी मराठी कार्ड द्यावे : औषधाचे नाव, मात्रा, वार, पुढच्या तपासणीची तारीख, इशारा-रेषा आणि रिपोर्ट पाठवायचा फोन क्रमांक. रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांच्या याद्या आरोग्य केंद्रे ठेवतातच. त्याच वहीत या औषधांवरील रुग्णांची नोंद ठेवता येईल आणि आशा सेविकेला तारखेची आठवण करून देता येईल. नमुना गावात, सल्ला तज्ज्ञाचा, अशी सांगड ई-संजीवनीसारख्या दूरसंवाद सेवेतून घालता येते. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मेडिकलवाल्याने पुन्हा गोळ्या देताना ‘शेवटचा रिपोर्ट कधीचा?’ एवढे विचारले तरी बरेच रुग्ण सावध होतील.

कोणत्या लक्षणांत तारखेची वाट पाहू नये?

ताप, घसा सुजणे, तोंडात फोड, अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, डोळे पिवळे होणे, नवा कोरडा खोकला आणि धाप, लघवी कमी होणे, नागीण उठणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासावे. मात्र भीतीने गोळ्या सोडून देऊ नयेत. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने परस्पर औषध थांबवले तर घरातल्या माणसाने दिलेले मूत्रपिंड हातचे जाऊ शकते. आमवाताच्या रुग्णाचे सांधे पुन्हा झिजू लागतात.

या औषधांनी हजारो लोकांना शेतात, शाळेत, कारखान्यात परत कामावर उभे केले आहे. त्यांच्यापासून मिळणारा लाभ टिकवायचा तर दर तीन महिन्यांनी काही मिलिलिटर रक्त आणि ते वाचणारा एक जबाबदार माणूस, एवढीच गरज आहे. रक्त देण्याची तयारी रुग्णाने ठेवावी. वाचणारा माणूस कोण, हे आता आरोग्य व्यवस्थेने ठरवावे.